टिकलीच्या पावडरीचा वास

हे मी इतकी वर्षं कुणालाच सांगितलं नव्हतं. मिलमधल्या सोबत्यांना नाही, मुलीला नाही, आणि जिच्याबरोबर संसार केला तिला तर नाहीच नाही. आता सांगायला बसलोय, तर तुम्ही आधी हसून घ्या — कारण गोष्ट कुत्रीच्या पावडरीची आहे. डब्यातली फिकट तपकिरी, कडवट पावडर. तिच्या आड मी लपलो. लोक देवाच्या आड लपतात, आजारपणाच्या आड लपतात, मी कुत्रीच्या खाण्याच्या आड लपलो. हसू येतं ना? मलाही आता येतं. आधी येत नव्हतं.

कुठून सुरुवात करू? वासापासून करतो, कारण सगळं वासानंच झालं.

मी सुरतेजवळच्या पलसाण्याच्या एका डाइंग मिलमध्ये काम करतो. साडीचं कापड रंगवायचं, त्यात आंबट ॲसिड पडतं — ॲसिटिक म्हणतात त्याला. लोणच्याच्या बरणीत तोंड घातल्यासारखा वास. तो कपड्यांत बसतो, केसांत बसतो, नखांत बसतो. बमरोलीतल्या आमच्या दोन खोल्यांत मी शिरलो की मी दिसायच्या आधी माझा वास आत जायचा. विमल, म्हणजे माझी बायको, चुलीकडे तोंड असतानाच म्हणायची, आले. इतका पक्का वास. त्याच्या खाली दुसरा कुठलाही वास झाकला जाईल, असं मी गृहीत धरलं होतं. आणि बरीच वर्षं तो झाकलाही गेला.

झाकायचं काय होतं? — सांगतो. जरा दमानं घेऊ द्या.

आम्ही मूळचे बोदवडकडचे. बौद्ध. विमलचा मोठा भाऊ आमच्याआधी सुरतेत आला होता, त्यानंच मला कामाला लावलं. माणूस सोन्यासारखा, पण पोटलीच्या नादी लागला. गुजरातमध्ये दारूबंदी आहे हे खरं, आणि प्लास्टिकच्या पिशवीत दारू मिळते हेही खरं. त्याच पोटलीनं तो गेला. विमल त्याच्या उशाशी होती. तेव्हापासून तिनं ठरवलं की आपल्या उंबऱ्याच्या आत हा प्रकार येणार नाही. नुसतं ठरवून बसली नाही. गल्लीत कुणाचा नवरा पिऊन पडला की ही त्या बाईकडे जाऊन बसायची. उपदेश करायची नाही, नुसती बसायची, त्या बाईबरोबर भाज्या निवडायची. हळूहळू विहारातल्या बायका हिलाच पुढे बसवू लागल्या. पौर्णिमेला वंदना होते, पंचशील म्हणतात — एक जण पुढे बसून म्हणतो, बाकीचे मागून. आमच्या विहारात पुढे बसायची ती विमल. तिचा आवाज काही गोड नाही. पण ती पाचवं शील म्हणायला लागली की सगळी खोली ताठ बसायची, कारण ती ते भावाला आठवून म्हणते हे सगळ्यांना माहीत होतं. पाचवं म्हणजे दारू आणि सगळ्या नशेपासून दूर राहण्याचं.

आणि मी तिच्या मागे, तिसऱ्या-चौथ्या रांगेत मांडी घालून, हात जोडून, तेच पाचवं शील खणखणीत आवाजात म्हणायचो.

आता टिकलीचं. विमल घरी साड्यांवर टिकल्या चिकटवायचं काम करते. एकदा आमची मुलगी प्रज्ञा गल्लीतलं एक पिल्लू घेऊन आत आली. ते पिल्लू सरळ साडीवर जाऊन लोळलं आणि उठलं तेव्हा कपाळावर चमकती टिकली चिकटलेली. ओला गोंद तो, निघता निघेना. नाव ठेवायची गरजच उरली नाही. विमलनं आधी आरडाओरडा केला, मग दूध दिलं. पुढे टिकली विमलचीच झाली. मला ती ओळखायची, पण माझ्या पायाशी येऊन एकदा हुंगून दूर जाऊन बसायची. ॲसिटिकचा वास तिला सोसत नसावा. निदान मी तसं समजायचो.

टिकली मोठी झाली आणि तिचे केस झडायला लागले. पाठीवर कोंडा, शेपटीजवळ टक्कल, दिवसभर खाजवणं. विमल तिच्याकडे बघून जेवायची नाही. मग मी आणि प्रज्ञा स्कूटरवर तिला मधे बसवून डॉक्टरीणबाईंकडे गेलो. प्रज्ञा बाहेर स्कूटरपाशी थांबली, मी आत गेलो. हे महत्त्वाचं आहे. आत फक्त मी होतो.

डॉक्टरीणबाई तरुण, गुजराती. त्यांनी गोचिडांचं औषध दिलं, मलम दिलं, आणि वर ही पावडर लिहून दिली. ब्रुअर्स यीस्ट. मी विचारलं, हे काय? त्यांनी नीट समजावलं, अगदी शाळेतल्यासारखं. बियर करताना जे यीस्ट वापरतात ते काम झाल्यावर काढून घेतात आणि वाळवतात. त्यात ‘बी’ गटातली जीवनसत्त्वं असतात, प्रोटीन असतं, कातडीला आणि केसांना त्याची मदत होते. माझा चेहरा बघून त्या हसल्या असाव्यात. म्हणाल्या, “काका, आमां दारू जराय नथी.” यात दारू जरासुद्धा नाही. यीस्ट मेलेलं असतं, दारू निघून गेलेली असते. थोड्यापासून सुरू करा, एकदम जास्त दिली तर पोटात वारा धरतो. खाज वाढली तर बंद करा आणि मला दाखवा, काही कुत्र्यांना यीस्ट मानवत नाही. डब्यावर लसूण लिहिला असेल तो डबा घेऊ नका, लसूण कुत्र्यांना चांगला नाही. हिनं गोचिड मरत नाहीत, लोक म्हणतात तसं काही नसतं, त्याचं औषध वेगळंच द्यायचं. आणि बेकरीतलं जिवंत यीस्ट किंवा आंबलेलं कच्चं पीठ चुकूनही देऊ नका, ते पोटात फुगतं आणि त्याची मात्र खरोखर दारू होते.

बघा, सगळं पाठ आहे मला. शब्दन् शब्द. म्हणजे मला कळलं नव्हतं, हे म्हणायची सोय मी स्वतःला ठेवलेली नाही.

घरी आल्यावर मी विमलला एवढंच म्हणालो की ताकदीची पावडर आहे, भाकरीत कालवून द्यायची. बियर हा शब्द घरात काढायला नको वाटला. यात वाईट हेतू नव्हता. तिला उगाच शंका यायची, म्हणून टाळलं. पण एक शब्द टाळला, की पुढच्या वेळी तोच शब्द आपल्या कामाला येतो, हे तेव्हा कुठे माहीत होतं?

पावडर टिकलीला मानवली. विमल रोज संध्याकाळी ज्वारीची भाकरी चुरायची, त्यात पातळ वरण आणि वर चिमूटभर पावडर टाकून हातानं कालवायची. चमचा नाही, हातानंच. टिकली वाटी चाटून पुसून लखलखीत करायची. औषधं चालू होतीच, त्याच्या जोडीला हे. काही दिवसांत कोंडा गेला, टकलावर लव आली. प्रज्ञा म्हणायची, मम्मी, हिचे केस तर माझ्यापेक्षा भारी झाले.

आणि आता — आता ते सांगतो ज्याच्याभोवती इतका वेळ घिरट्या घालतोय.

मी पीत होतो. फार नाही, असं लगेच तोंडात येतं. बघा, किती सवय आहे! फार की थोडं, हा प्रश्न नव्हताच. मिलमध्ये रतन नावाचा माझा सोबती होता, पलसाण्यातच खोली घेऊन राहायचा. त्याचा कुणी नातेवाईक दमणला असायचा, तिथे दारूबंदी नाही, तिथून बियर यायची. आठवड्यातून एखाद्या दिवशी शिफ्ट सुटली की त्याच्या खोलीत बसायचो. दोन बाटल्या, शेंगदाणे, मिलच्या मास्तरच्या नकला. मग मिलच्या बसनं बमरोली. अंगावर ॲसिटिकचा वास आहेच, तोंडात बडीशेप. विमलच्या भावानं मला बोट धरून या शहरात आणलं, आणि मी तिच्या घरात बियर पिऊन शिरत होतो. यावर तुम्ही मला काय म्हणाल? काहीही म्हणा, कमीच पडेल.

एके दिवशी बॉयलर बिघडला म्हणून मिल बंद होती. ते मला आदल्या दिवशीच कळलं होतं. घरी सांगितलं नाही. रोजच्यासारखा डबा घेऊन निघालो आणि रतनच्या खोलीवर गेलो. दुपारभर आम्ही बसलो. संध्याकाळी, दिवे लागायच्या वेळेला घरी आलो. आणि मी एक गोष्ट विसरलो — माझ्या अंगाला त्या दिवशी ॲसिटिकचा वासच नव्हता. मिलमध्ये गेलोच नव्हतो, तर वास कुठून येणार? आमची नाकं त्या वासानं इतकी मेलेली असतात की तो आहे की नाही, हेच कळत नाही. आमच्या धंद्यातलाच माणूस ही चूक करू शकतो.

विमल कुणाशी तरी बाहेर बोलत होती. टिकलीची भाकरी चुरून ठेवलेली होती. आपण काहीतरी काम करताना दिसावं म्हणून मी पावडरीचा डबा उघडला आणि वाटीत पावडर टाकायला लागलो. विमल आत आली, माझ्या जवळून गेली, आणि थांबली. मागे आली. माझ्या खांद्याशी नाक आणून म्हणाली, “आज आंबट नाही. हा वास कायचा येते?”

तिचा चेहरा मला आजही दिसतो. राग नव्हता त्यावर. भीती होती. भावाच्या उशाशी बसलेल्या बाईची भीती. त्याच वेळी मी खरं बोललो असतो तर? भांडण झालं असतं, ती रडली असती, माहेरी गेली असती. काहीतरी झालं असतं आणि संपलं असतं. पण माझ्या हातात डबा होता.

मी म्हणालो, “या पावडरीचा. बियरच्या कारखान्यातून येते ही.”

तेवढ्यावर थांबलो नाही. चिमूटभर पावडर तोंडात टाकली, तिला दाखवायला. म्हणालो, कालवताना तोंडाला लागते, बघ, हाच वास. पावडर इतकी कडू की डोळ्यांत पाणी आलं. एरवी त्या सोंगावर कुणीही हसलं असतं. एक बाप्या माणूस कुत्रीची पावडर चघळतोय आणि कुत्री खाली बसून त्याच्याकडे बघतेय. पण विमल हसली नाही. ती माझ्याकडे बघतच नव्हती. ती तिच्या हाताकडे बघत होती.

“म्हणजे हे दारूतून निघते? अन् मुक्या जनावराले म्या रोज माह्या हातानं चारली?”

मी काय करायला हवं होतं, ते तुम्हालाही कळतं आणि मलाही कळत होतं. डॉक्टरीणबाईंचं वाक्य जिभेवर होतं — यात दारू नाही. पण ते म्हटलं असतं तर मग माझ्या तोंडाचा वास कशाचा? म्हणून मी गप्प बसलो. माझी अडचण टळली आणि ती अख्खी तिच्या डोक्यावर जाऊन बसली.

तिनं हात धुतले. साबणानं धुतले, मग राख घेऊन धुतले. डबा घरातल्या कचऱ्यात टाकला नाही, खाडीपर्यंत चालत गेली आणि तिथे टाकून आली. टिकली तिच्या मागोमाग गेली आणि मागोमाग आली, वाटीपाशी बसून राहिली.

यापुढचं सांगायला मला सगळ्यात जड जातं.

पौर्णिमा आली. विहारात सगळे जमले. विमल पुढे बसायला गेली नाही. मागे, चपला काढतात त्या दाराजवळ बसली. बायका म्हणाल्या, विमलताई, या ना पुढे. तर ती उभी राहिली आणि तिनं सगळ्यांदेखत सांगितलं की माझ्या घरात दारूची वस्तू होती, मी ती माझ्या हातानं रोज हाताळली, मला माहीत नव्हतं हे खरं, पण विचारायचं काम माझं होतं, ते मी केलं नाही. आधी माझं मन साफ होऊ द्या, मग मी पुढे बसेन. एका आजींनी म्हटलं, “अनजानपणी झालं बाई, मनाले नको लावून घेऊ.” पण एक-दोन बायकांनी एकमेकींकडे बघितलं ते मी बघितलं. ज्यांच्या घरी ती जाऊन बसायची, त्यांच्यापैकीच होत्या. त्या दिवशी दुसरंच कुणीतरी पुढे बसलं.

आणि मी? मी माझ्या नेहमीच्या जागी होतो. मांडी घातलेली, हात जोडलेले. पाचवं शील आलं तेव्हा मी तेही म्हटलं. मागे दाराजवळ ती म्हणत होती, मधे मी म्हणत होतो. त्या खोलीत दारू पिणारा एकच माणूस होता आणि त्याच्याकडे कुणी बघत नव्हतं. मला बरं वाटलं, हेही सांगून टाकतो. वाचलो, असं वाटलं. लाज नंतर आली, आणि आली ती गेलीच नाही.

टिकलीचे केस पुन्हा रुक्ष पडत गेले. नुसत्या पावडरीवर सगळं होतं असं नाही. पण विमलचा डबाबंद गोष्टींवरचा विश्वासच उडाला, तर औषधंही वेळेवर जाईनात. शेपटीजवळ पुन्हा टक्कल दिसायला लागलं. प्रज्ञानं मोबाइलवर शोधून काढलं, हिंदीत मोठ्यानं वाचून दाखवलं की यात दारू नसते, कुत्र्यांना चालते. तेव्हा विमल म्हणाली, “मोबाइल काय, काहीबी सांगते. तुहे पप्पा खोटं कायले बोलतीन?” प्रज्ञानं माझ्याकडे बघितलं. म्हणाली, “पप्पा, डॉक्टरकडे तुम्हीच आत गेला होता ना? त्यांनी काय सांगितलं?” मी म्हणालो, आता आठवत नाही. हे दुसरं खोटं. पहिल्यापेक्षा सोपं गेलं.

बियर त्यानंतर सोडली का? नाही. काही दिवस घाबरलो, मग पुन्हा रतनची खोली. एवढं होऊनसुद्धा. पुढे रतनच्या वडिलांचं आजारपण निघालं, तो गावी गेला तो गेलाच, आणि माझी सुटली. सोडली असं म्हणून मी मान खाली घालून टाळ्या घेणार नाही. देणारा गेला, म्हणून घेणारा थांबला. मात्र नंतर कुणी हात पुढे केला तेव्हा मी घेतली नाही, तेवढं खरं.

यात वर्षं गेली. विमल पुन्हा कधी पुढे बसली नाही. बायकांनी आग्रह केला, मग आग्रह करणं सोडून दिलं. दाराजवळची जागा तिचीच झाली. तिथे बसून ती आल्या-गेल्याच्या चपला सरळ लावून ठेवायची. मी वंदना संपवून बाहेर यायचो तेव्हा माझ्याही चपला सरळ लावलेल्या असायच्या.

यंदा टिकलीचं फारच वाढलं. आता म्हातारी झालीय ती. पाठीवर जखमा झाल्या. प्रज्ञाचं लग्न होऊन ती कतारगामला गेली, म्हणून या वेळी विमल स्वतः माझ्याबरोबर आली. टिकली माझ्या हातात, विमल बाजूला. त्याच डॉक्टरीणबाई. त्यांनी तपासलं, औषधं लिहिली, आणि शेवटी तीच पावडर लिहायला लागल्या. विमलनं हात जोडले. म्हणाली, हिला काहीही द्या, पण ही नको, आम्ही बौद्ध आहोत, आमच्या घरात दारू चालत नाही, कुत्रीलासुद्धा नाही.

डॉक्टरीणबाई लिहायच्या थांबल्या. “बेन, आमां दारू छे ज नहीं. में काकाने त्यारे समजाव्युं हतुं ने?” काकांना मी तेव्हाच समजावलं होतं ना, असं त्या म्हणाल्या, आणि माझ्याकडे बघून हसल्या. माझ्या हातात टिकली होती. तिच्या छातीची धडधड माझ्या हाताला लागत होती, की माझीच तिला लागत होती, कोण जाणे.

विमलनं औषधांचा कागद घेतला. रिक्षात बसलो. पांडेसऱ्याच्या अलीकडे गर्दीत रिक्षा थांबून राहिली, आजूबाजूला कापडाचे टेम्पो. ती टिकलीच्या कानावर हात फिरवत होती. आणि मग तिनं — ऐका, तिनं स्वतःच मला सुटकेचं दार उघडून दिलं. म्हणाली, “तुमाले ऐकू आलं नसन. मशीनच्या आवाजानं तुमाले कमीच ऐकू येते.”

किती सोपं होतं! नुसती मान हलवायची होती. मला खरंच कमी ऐकू येतं, मिलमधल्या सगळ्यांना येतं. ती मनापासून म्हणत होती, मला अडकवायला नाही. नवऱ्याला चांगलंच समजायचं, असं ठरवूनच जणू ती इतकी वर्षं जगली होती आणि आताही तेच करत होती. अशा माणसाशी तिसऱ्यांदा खोटं बोलायला किती निबर व्हावं लागतं? मी तेवढा निबर होतो की नव्हतो, हे त्या रिक्षात ठरायचं होतं.

मी म्हणालो, “ऐकू आलं होतं. तो वास माझ्या तोंडाचा होता.”

मग बाकीचं सांगितलं. रतनची खोली, बॉयलर, दमण, बडीशेप. रिक्षावाला आरशातून बघत होता. बघू दे म्हटलं. सांगता सांगता मला काय व्हायला लागलं ते कसं सांगू — घट्ट बसलेलं झाकण एकदम सैल व्हावं तसं. तिच्यावर आता काय कोसळत असेल याची जाणीव होती, आणि तरी आतून हलकं वाटत होतं. हेही स्वार्थीपणाचंच, मला कळतं. पण वाटलं ते वाटलं.

तिनं वाटेत औषधाच्या दुकानापाशी रिक्षा थांबवली. स्वतः उतरली, पावडर घेऊन आली. डब्यावर लसूण लिहिलाय का ते मीच वाचून बघितलं, नव्हता. घरी आल्यावर तिनं भाकरी चुरली, पावडर टाकली, हातानं कालवली. टिकलीनं आधी हुंगलं, मग अशी खाल्ली, की जणू इतकी वर्षं वाटच बघत होती. विमल हात न धुता तशीच बसून राहिली. मग तो हात नाकाशी नेला. बराच वेळ वास घेतला.

“याचा वास तसा नाहीच,” ती म्हणाली. “माह्या नाकानं तवाच सांगतलं होतं. म्या नाकाचं नाही ऐकलं, तुमचं ऐकलं.”

एवढंच. त्यानंतर ती काही दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलली. भाजी काय करू, पाणी आलं का, टिकलीला फिरवून आणा. मी काही मागितलं नाही. माफीसुद्धा नाही. माफी मागितली की द्यायचं ओझं पुन्हा तिच्यावरच आलं असतं.

पण एक काम माझं होतं. पुढच्या पौर्णिमेला वंदना सुरू व्हायच्या आधी मी विहारात उभा राहिलो. जिथे ती उभी राहिली होती तिथेच, दाराजवळ. सगळं सांगितलं. पावडरीत दारू नव्हती, विमलच्या हाताला काहीच लागलं नव्हतं, दारू माझ्या पोटात होती. मग त्याच आजी — आता त्या खुर्चीवर बसतात — कपाळाला आठ्या घालून म्हणाल्या, “मंग बिचाऱ्या कुत्रीची पावडर कायले बंद केली रे?” आणि सगळी खोली हसली. मोकळं हसली. मीही हसलो, रडत रडत. विमल हसली नाही, पण तिच्या ओठाचा कोपरा हलला तो मी बघितला.

बायकांनी तिला हाताला धरून पुढे नेलं. जाताना ती माझ्यापाशी थांबली. मला वाटत होतं, माझं पाचवं मोडलंय, ती म्हणेल की तुम्ही पाचवं म्हणायचं नाही. मी तयार होतो त्याला. पण ती हळूच म्हणाली, “दारू सुटली म्हणता, तर पाचवं म्हणा. चौथं म्हणू नका अजून. नुसतं ऐका.”

चौथं शील खोटं न बोलण्याचं आहे.

आता दर पौर्णिमेला मी दाराजवळ बसतो. आल्या-गेल्याच्या चपला सरळ लावतो. घरी टिकलीच्या टकलावर पुन्हा पांढरी लव आलीय आणि ती माझ्या पायाशी येऊन बसते, ॲसिटिकचा वास असला तरी. विमल पुढे बसून म्हणते, आम्ही सगळे मागून म्हणतो. पहिलं म्हणतो, दुसरं म्हणतो, तिसरं म्हणतो. मग चौथं येतं. मी तोंड बंद ठेवतो आणि तिचा आवाज ऐकतो.